बारीक माणसाला साखर कशी लागली?

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

प्रश्न : डॉक्टर, माझं वय 52. शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत मोल्डिंगला आहे, 27 वर्षं झाली. पूर्वी हातानं साचे करायचो, आता मशीनवर असतो. उंची पाच फूट पाच इंच, वजन 57 किलो. साठीच्या वर काटा कधी गेलाच नाही. गेल्या महिन्यात कंपनीत तपासणी झाली, त्यात उपाशीपोटी साखर 168 आणि तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी (एचबीए1सी) 8.4 आली. वाटलं, दुसऱ्या कुणाचा रिपोर्ट आला. बाहेर करून बघितली तर तेवढीच. गोड मला आवडत नाही. डब्यात चार चपात्या आणि बटाट्याची नाहीतर कसलीतरी सुकी भाजी, रात्री भात-आमटी. चहा मात्र सहा-सात वेळा होतो, रात्रपाळी असली की जास्त. बसून खाणाऱ्यांचा हा रोग मला कसा लागला? आई म्हणते, तू पोटात होतास तेव्हा 72 चा दुष्काळ, आम्ही जत तालुक्यात खडी फोडायला जायचो, बाहेरून आलेली मिलो ज्वारी खाऊन दिवस काढले, तवापासनंच तुझी कुडी अशक्त. त्याचा काही संबंध असेल का? डॉक्टरांनी गोळी दिली आहे, पण आधी पथ्य करून बघावं म्हणतो.
— एक कामगार, करवीर तालुका

उत्तर : भाऊ, आधी गोळीचं. ती आजच सुरू करा. 6.5 च्या वर मधुमेह धरतात, तुमची सरासरी 8.4 आहे. पथ्य आणि गोळी दोन्ही बरोबरीनं चालू द्या. पुढे साखर आटोक्यात आली तर गोळी कमी करायची की नाही, हे तुमचे डॉक्टर रिपोर्ट बघून ठरवतील.

आता आईंचं. त्यांच्या बोलण्यामागे जे आहे त्यावर आपल्या शेजारीच, पुण्यात, मोठं काम झालेलं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं जन्मली तेव्हा सरासरी 2.7 किलोची होती. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. आपली बाळं लहानखुरी होती, हातापायांत मांस कमी होतं, पोटाचा घेर कमी होता. पण कातडीखालची चरबी मोजली तर ती जवळपास त्या गोऱ्या बाळांइतकीच! म्हणजे पोटात वाढताना बाळाला अन्न कमी पडलं तेव्हा त्याच्या शरीरानं मांसात काटकसर केली, चरबीला हात लावला नाही. बारीक दिसणारं, पण आतून चरबीचं बाळ.

हेच याज्ञिकांनी स्वतःवरही दाखवलं. 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि जॉन युडकिन या इंग्रज डॉक्टर मित्राचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो छापून आला. उंचीच्या हिशेबात दोघांचं वजन अगदी सारखं, बीएमआय 22.3. चरबी मोजली तर युडकिन यांच्या अंगात 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2 टक्के. वजनाचा काटा दोघांना एकाच रांगेत बसवतो. मी तो फोटो माझ्या दवाखान्यात टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे, कारण तुमच्यासारखा प्रश्न घेऊन आठवड्यातून दोघं-तिघं तरी येतात.

तुमचा बीएमआय येतो 21 च्या आसपास. कागदावर उत्तम. म्हणून मला वजन नको, कंबर हवी. शिंप्याची टेप घ्या, बेंबीच्या पातळीवर, पोट आत न ओढता मोजा. पँटचा नंबर बघू नका, पँट आपण पोटाच्या खाली बांधतो. पुरुषाची कंबर 90 सेंटीमीटरच्या वर आणि बाईची 80 च्या वर गेली की आपल्याकडे धोका धरतात. तुमची नव्वदीला टेकलेली असेल, असा माझा अंदाज आहे. ही पोटातली चरबी यकृतात आणि आतड्यांच्या भोवती साठते आणि इन्सुलिनचं काम अडवते. जेवणातली साखर ठेवून घ्यायचं सर्वांत मोठं कोठार म्हणजे आपले स्नायू, तेच आपल्याकडे मुळात लहान. त्यात इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी जन्मतः कमी मिळाल्या असतील तर चाळिशी-पन्नाशीत त्या दमतात.

पोटातल्या बाळाला उपासमार झाली तर त्याचा परिणाम पन्नास वर्षांनी दिसतो का, याचा दाखला हॉलंडमध्ये मिळाला. दुसऱ्या महायुद्धात, 1944-45 च्या हिवाळ्यात, तिथल्या शहरांचं अन्न तोडलं गेलं होतं. त्या महिन्यांत आईच्या पोटात असलेली माणसं पन्नाशीला आली तेव्हा तपासली, तर त्यांच्या शरीराला साखर पेलणं इतरांपेक्षा जड जात होतं. तुमच्या एकट्याच्या बाबतीत दुष्काळामुळेच झालं, असं कुठलाही डॉक्टर छातीठोक सांगू शकणार नाही. पण आईंचं म्हणणं उडवून लावण्यासारखं अजिबात नाही. आणि त्यांना एवढं जरूर सांगा की यात त्यांची काहीही चूक नाही. खडी फोडून त्यांनी तुम्हाला जगवलं.

'बसून खाणाऱ्यांचा रोग' हे मात्र मनातून काढून टाका. 2023 मध्ये भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशभरच्या पाहणीचे आकडे आले. भारतात 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आणि आणखी 13 कोटी 60 लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर. उंबरठ्यावरच्यांत खेडं आणि शहर यांत जवळपास फरकच नव्हता. जगातल्या मधुमेही माणसांपैकी पाचांतले चार गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. ज्या घरात एक पिढी उपाशी राहिली आणि पुढच्या पिढीला पोटभर पण स्वस्त अन्न मिळालं, त्या घरात हा आजार लवकर शिरतो. तुमचं घर नेमकं तसं आहे, आणि माझंही.

तुमच्या आईंच्या ताटात जोंधळ्याची भाकरी, खर्डा, हुलग्याचं माडगं असायचं आणि मैल-दोन मैल चाल असायची. मग रेशन आलं. 2013 च्या कायद्यानं माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं, आता तर फुकट. त्यानं किती घरांची चूल पेटली हे मी डोळ्यांनी बघितलंय, त्याबद्दल एक अक्षर वाईट बोलणार नाही. पण ते धान्य म्हणजे मुख्यतः गहू आणि तांदूळ. जोंधळा पैसे देऊन आणायचा, हुलगा शोधून आणायचा, म्हणून ते ताटातून गेले. त्यांच्या जागी आलं पाम तेल, दहा रुपयांचा बिस्किटाचा पुडा, गेटबाहेरचा वडा. तुम्ही गोड खात नाही म्हणता, मग चहाचा हिशेब करू. सहा कप, कपाला दोन चमचे, चमच्याला पाच ग्रॅम. दिवसाला 60 ग्रॅम साखर झाली, महिन्याला जवळजवळ दोन किलो. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम.

तर करायचं काय? तुमच्या पगारात आणि पाळीत बसेल तेवढंच सांगते. चहा दोन कप, बिनसाखरेचा. आठ दिवस जड जाईल, मग जीभ वळते. डब्यात चारच्या दोन चपात्या करा आणि रिकाम्या जागेत घट्ट उसळ भरा : मटकी, हुलगा, चवळी, जे स्वस्त असेल ते. बटाटा ही भाजी धरू नका, तो चपातीचाच भाऊ. कांदा, पाल्यासकट मुळा, काकडी, कोथिंबीर, काहीही कच्चं आधी खा, मग उसळ, मग चपाती. एवढा क्रम बदलला तरी जेवणानंतरची साखर कमी चढते. रात्री भाताचा डोंगर नको, एक वाटी भात आणि दोन वाट्या घट्ट आमटी. अंडं परवडत असेल तर रोज एक. मिसळ सोडा असं मी कोल्हापुरात बसून सांगणार नाही. मटकी जास्त, फरसाण चमचाभर, ब्रेडची एक स्लाइस आणि कटाची वाटी पुन्हा मागायची नाही. नाचणी-जोंधळा जरूर आणा, पण भाकरी म्हणजे औषध समजून चार खाल तर साखर वाढणारच. जेवल्यावर पंधरा मिनिटं चाला, कंपनीच्या आवारात सुद्धा चालेल. आणि आठवड्यातून तीनदा घरीच बैठका, जोर, भिंतीला टेकून दंड. मशीन आल्यापासून तुमच्या स्नायूंचं काम गेलंय, ते परत द्यायचं आहे.

एक काळजी फाउंड्रीमुळे. साखर मज्जातंतू मारते, पायाला चटका बसलेला कळत नाही. तापलेल्या वाळूत तुमचं काम. रोज रात्री तळवे बघा, बायकोला बघायला सांगा. सेफ्टी शूजमधे सुती मोजे घाला. नवरात्रात अनवाणी चालत असाल तर यंदापासून चप्पल घालून जा, देवळाच्या दाराशी काढा. डोळ्यांचा पडदा, लघवीतलं प्रथिन आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन वर्षातून एकदा तपासा. पैशांची अडचण असेल तर सीपीआरला, आपल्या थोरल्या दवाखान्यात जा. आणि हे लक्षात ठेवा : पथ्य पाळूनही वजन भराभर उतरायला लागलं, तहान आणि लघवी वाढली, तर वाट बघू नका. बारीक माणसांत कधी कधी मधुमेहाचा वेगळा प्रकार असतो आणि त्याला इन्सुलिनच लागतं.

प्रश्न : माझं वय 46. वर्षापूर्वी तीन महिन्यांची सरासरी 6.1 आली तेव्हापासून घरात पांढरी साखर आणलेली नाही. चहा, शिरा, लाडू, सगळं सेंद्रिय गुळाचं. सकाळी चमचाभर काकवी घेते. तरी आता 6.4 आली. असं का?
— एक गृहिणी, राजारामपुरी

उत्तर : ताई, असं झालं कारण गूळ हीसुद्धा साखरच आहे. रक्तात गेल्यावर तो सेंद्रिय होता की कारखान्याचा, हे शरीराला कळत नाही.

एवढ्यात उत्तर संपलं असतं, पण मला माझ्या वडिलांबद्दल सांगायचं आहे. ते गुळव्या होते. करवीर तालुक्यातल्या आमच्या भागात त्यांच्या हाताचा गूळ शाहूपुरीच्या पेठेत चढ्या भावानं जायचा. हंगामात मध्यरात्रीनंतर दोन वाजता चुलवाण पेटायचं. रस काहिलीत उकळायला लागला की रानभेंडीचा चिकट रस घालून मळी काढायची, मग रंग धरेपर्यंत नजर हलवायची नाही. शेवटी पाक पाण्यात टाकून गोळी बघायची, आणि बघायची म्हणजे चाखायचीही. दिवसात किती वेळा, कुणी मोजलं नाही. 48 व्या वर्षी पायावर पाक सांडून भाजलं आणि ती जखम भरेना, तेव्हा मधुमेह कळला. डॉक्टर म्हणाले, तुम्हाला साखरेचा आजार आहे, साखर सोडा. वडिलांनी सोडली. त्या दिवसापासून पुढे आठ वर्षं ते चहात फक्त गूळ घालायचे. मी तेव्हा वैद्यकीयच्या पहिल्या वर्षाला होते, सुट्टीत आल्यावर सांगून बघितलं. ते म्हणाले, "गुळानं काय बी हुत न्हाई पोरी. आपल्या रानातला हाय त्यो." मला तेव्हा भांडता आलं नाही. वयाच्या 56 व्या वर्षी त्यांची मूत्रपिंडं गेली आणि पाठोपाठ ते गेले.

आपल्या गुळाला भौगोलिक मानांकन आहे, आणि त्या गुळाचा मला अभिमान आहे. माझी फी त्याच्यावर भरली गेली. पण त्यात जे थोडं लोह आणि क्षार आहेत ते मिळवायला जेवढा गूळ खावा लागेल, त्यात मधुमेह आधी येईल. लोह पालेभाजी, हरभरा, अळिवातून घ्या, वर लिंबू पिळा. काकवी आजपासून बंद. गूळ सणाला, पुरणपोळीत, तीही एक. तुम्ही अजून उंबरठ्यावर आहात, इथून मागे फिरता येतं. चेन्नईचे डॉ. रामचंद्रन यांनी अशाच उंबरठ्यावरच्या लोकांना फक्त आहार आणि चालणं यांची शिस्त लावली, तर मधुमेह होण्याचं प्रमाण 28 टक्क्यांनी कमी झालं. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा आणि रिपोर्ट मला कळवा.

प्रश्न : मी शिवाजी पेठेतला. तिशीपर्यंत मातीत होतो, आता 47 वय, वजन 104 किलो. रक्तदाब 160/100 निघाला. डॉक्टर म्हणतात मीठ कमी करा. मी भाजीत वरून मीठ घेतच नाही. सैंधव वापरलं तर चालेल का? दूध-तूप चालू आहे, ते घरचंच आहे.
— एक माजी पैलवान

उत्तर : सैंधव म्हणजेही मीठच, रक्तदाबाला दोन्ही सारखी. दिवसभराचं सगळं मिळून पाच ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा, एवढीच मर्यादा आहे. तुमचं मीठ भाजीत नसेल तर खर्ड्यात, पापडात, लोणच्यात, फरसाणात आणि वड्याबरोबरच्या मिरचीत असतं. एक आठवडा हे पाच पदार्थ घरात आणूच नका.

पण खरं बोलायचं तर तुमचा रक्तदाब मिठापेक्षा खुराकानं वाढलाय. हजार बैठका मारणाऱ्या पोराला कट्ट्यावरचं म्हशीचं धारोष्ण दूध, थंडाई, तूप पचायचं. मेहनत सतरा वर्षांपूर्वी थांबली, खुराक तसाच राहिला. तालमीतल्या कितीतरी माणसांचं असं होताना मी बघते आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं, कारण एवढी कमावलेली शरीरं दुसऱ्या कुणाकडे नसतात. वजनातले दहा किलो उतरवा, वस्तादांना सांगून पहाटे पुन्हा आखाड्यात जा, पण जोर-बैठका नंतर. आधी महिनाभर चालणं, आणि त्याआधी हृदयाची तपासणी. गोळी बंद करू नका. साखरही बघून घ्या, पत्रात तिचा उल्लेख नाही.

प्रश्न : सूनबाईला सहावा महिना आहे. वय 26, वजन 51 किलो. दवाखान्यात ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी रक्त घेतलं, 158 आलं. भात कमी करा म्हणाले. आमच्याकडं घनसाळ पिकतो, आम्ही दोन्ही वेळेला भातच जेवतो. दोन जिवांच्या पोरीला उपाशी ठेवू का? आणि आमच्या वेळी असलं काही नव्हतं.
— एक सासूबाई, आजरा

उत्तर : मावशी, तुम्ही सुनेसाठी पत्र लिहिलंत याचंच मला बरं वाटलं. उपाशी ठेवायचं मुळीच नाही. 140 च्या वर आलं की गरोदरपणातला मधुमेह धरतात. तुमच्या वेळीही तो असायचा, तपासत कुणी नव्हतं.

या पानावरचं पहिलं पत्र घरात मोठ्यानं वाचा. आई उपाशी राहिली तर बाळाच्या शरीरावर त्याची खूण राहते. आईची साखर चढलेली राहिली तरी राहते. तुमच्या सुनेचं वजन 51 किलो आहे, म्हणजे तिला दोन्हींपासून जपायचं आहे. तिचं जेवण तीनाऐवजी सहा वेळा करा. घनसाळ राहू द्या, पण वाटीनं मोजून, एका वेळी एक वाटी. त्याच्याबरोबर घट्ट डाळ, अंडं किंवा मासा, आणि पालेभाजी भातापेक्षा जास्त. चार वाजता फुटाणे-शेंगदाणे मूठभर, बिस्किटं नकोत. रात्री निजताना कपभर दूध, बिनसाखरेचं. प्रत्येक जेवणानंतर अंगणात दहा-पंधरा मिनिटं चालू द्या, भांडी तिच्याऐवजी दुसऱ्या कुणीतरी घासावीत. लोहाच्या गोळ्या चालू ठेवा. दोन आठवड्यांनी जेवणानंतरची साखर पुन्हा बघतील. तरी जास्त निघाली आणि इन्सुलिन सांगितलं तर घाबरू नका, ते बाळापर्यंत पोचत नाही आणि बाळंतपणानंतर बहुतेकींचं बंद होतं. बाळंतपण दवाखान्यातच करा आणि बाळाला तासाभराच्या आत अंगावर घ्यायला लावा, कारण अशा बाळांची साखर जन्मल्यावर एकदम खाली येऊ शकते.

डिंकाचे आणि अळिवाचे लाडू तुम्ही करणारच. करा, पण गूळ निम्मा, आणि दिवसाला एक लहान लाडू.

एक काम मात्र घरोघर राहून जातं. बाळंत झाल्यावर साखर खाली येते, सगळ्यांना वाटतं गेली. पण अशा बायकांना पुढे मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा कित्येक पट असतो आणि सहा आठवड्यांनी पुन्हा तीच ग्लुकोजची चाचणी करायची असते. बाळाची दीड महिन्याची लस त्याच सुमारास येते. लसीचं कार्ड हातात पडलं की त्या तारखेपुढे सुनेचं नाव पेनानं लिहा, आणि त्या सकाळी तिला काही खाऊ न घालता बाळाबरोबर घेऊन जा. डबा बरोबर न्या, दुसरं रक्त दिल्यावर तिथंच बाकावर बसून खाईल.